रोल्स-रॉइसची शांतता येते कुठून?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. रोल्स-रॉइसमध्ये खरोखर यंत्रातली काही करामत आहे की नुसता नावाचा आणि पैशाचा थाट, ही पहिली. आणि सत्तरच्या दशकातली एक सिल्व्हर शॅडो आवाक्यातल्या किमतीत मिळते आहे, ती घ्यावी का, ही दुसरी. जुन्या ब्रिटिश गाड्यांची इंजिनं उघडण्यात आणि पुन्हा जुळवण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली आहेत, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एका ओळीत देऊ शकतो. पण पहिलं नीट कळल्याशिवाय ते पटणार नाही. म्हणून आधी थोडा इतिहास.

हेन्री रॉइसने मोटारीत फारसं नवीन असं काही शोधलं नाही, इथून सुरुवात करू. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये मोटारींचा पाया घातला जात होता तेव्हा हा गृहस्थ मँचेस्टरमध्ये विजेच्या घंटा, डायनॅमो आणि क्रेन बनवत होता. जन्म १८६३ चा. वडील पिठाची गिरणी चालवायचे, ते १८७२ मध्ये वारले. पोराने वर्तमानपत्रं विकली, तारा पोचवल्या. नात्यातल्या एका बाईंनी वर्षाला २० पौंड भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लावलं. तीन वर्षांत पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. १८८४ मध्ये अर्नेस्ट क्लेअरमाँट या जोडीदाराबरोबर त्याने मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर कारखाना काढला. पुढे मोठं नाव झालं, ‘सर’ झाला, तरी तो स्वतःला ‘मेकॅनिक’ म्हणवून घ्यायचा. आमच्या धंद्यातल्या लोकांना त्याच्याविषयी जिव्हाळा आहे तो त्यामुळे.

त्याने एक जुनी फ्रेंच डेकोव्हिल गाडी घेतली. ती भंगार निघाली म्हणून चिडून त्याने स्वतःची गाडी बनवली, असं सर्रास सांगितलं जातं. डेकोव्हिल त्या काळाच्या मानाने चांगलीच गाडी होती. रॉइसची खोड वेगळी होती. चांगली वस्तूही त्याला उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे, आणि उघडली की तिचा प्रत्येक भाग आपण आणखी नीट करू शकतो असं त्याला वाटे. त्याची दोन सिलिंडरची, १० अश्वशक्तीची पहिली गाडी १ एप्रिल १९०४ रोजी कारखान्याबाहेर पडली.

आता मूळ मुद्दा. गाडीत आवाज कशाने होतो? इंजिनात स्फोट होतात, तो एक भाग झाला. त्याला सायलेन्सर असतो. बाकीचा बराचसा आवाज हा दोन भागांमधल्या खेळाचा, म्हणजे ढिलेपणाचा असतो. टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) आणि व्हॉल्व्हमध्ये फट जास्त, की टकटक. गिअरचे दात नीट घासलेले नसले, की गुणगुण. बेअरिंग ढिलं, की धडधड. गॅरेजात आम्ही म्हणतो, ‘इंजिन बोलायला लागलं.’ रॉइसने इंजिनाचं तोंड बंद केलं ते बाहेरून काही गुंडाळून नव्हे. प्रत्येक भाग दुसऱ्यात इतका नेमका बसवला की बोलायला जागाच उरली नाही. चॅसीचे, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचे, तुकडे जोडायला इतर लोक गरम रिव्हेट ठोकायचे. रॉइस टेपर, म्हणजे निमुळता होत जाणारा बोल्ट वापरायचा, आणि भोकही त्याच उतारावर हाताने रिमर (भोक तासायचं हत्यार) फिरवून तयार केलेलं असायचं. रिव्हेट थंड झाला की आकसतो, भोकात बारीकशी फट सोडतो, आणि काही हजार मैलांनंतर तीच फट कुरकुरायला लागते. टेपर बोल्ट जितका आवळाल तितका घट्ट बसतो. अशा चॅसीचा बोल्ट शंभर वर्षांनी काढला तरी भोक जसंच्या तसं मिळतं, आणि तेवढ्यासाठी मला तो माणूस मोठा वाटतो.

चार्ल्स रोल्स हा याच्या अगदी उलट टोकाचा. लॉर्डचा मुलगा, ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकलेला, चांगला सव्वासहा फुटांच्या वर उंच. शिकत असताना सतत इंजिनात हात घालून असायचा म्हणून पोरं त्याला ‘डर्टी रोल्स’ म्हणायची. लंडनमध्ये त्याची गाड्या विकायची कंपनी होती, पण ती विकायची परदेशी माल. इंग्रजी बनावटीची, अभिमानाने विकता येईल अशी गाडी त्याला हवी होती. हेन्री एडमंड्स या दोघांच्याही ओळखीच्या माणसाने ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात गाठ घालून दिली. रोल्सचं मत होतं की दोन सिलिंडरची गाडी थरथरणारच. रॉइसच्या गाडीत बसला आणि ते मत तिथेच बदललं. रॉइस जेवढ्या गाड्या बनवेल तेवढ्या मी विकेन, असा करार त्याच वर्षी डिसेंबरात झाला.

या जोडीत एक तिसरा माणूस आहे आणि त्याला कायम विसरतात: क्लॉड जॉन्सन. रोल्स आणि रॉइसमधली आडवी रेघ म्हणजे हा, असं त्याच्याबद्दल म्हणत. आणि रेघेशिवाय नाव जुळत नाही. चांगली वस्तू बनवणं आणि ती चांगली आहे हे लोकांना पटवणं ही दोन वेगळी कामं आहेत, दुसरं जॉन्सनने केलं.

सगळंच जमलं असंही नाही. १९०५ मध्ये त्यांनी एक व्ही-८ गाडी काढली, जिचं इंजिन मुद्दाम असं बांधलं होतं की ती ताशी २० मैलांच्या वर जाऊच नये, कारण तेव्हा कायद्याची मर्यादा तेवढीच होती. जेमतेम तीन बनल्या. कायदा पाळणारी गाडी कोणालाच नको होती.

१९०६ च्या अखेरीस ४०/५० अश्वशक्तीची गाडी आली आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते. सहा सिलिंडरचं इंजिन म्हणजे त्या काळी डोकेदुखी होती. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, लांब, त्यामुळे तो पिळवटायचा, एका ठरावीक वेगाला थरथरायचा, आणि पुष्कळदा तुटायचा. रॉइसच्या स्वतःच्या आधीच्या सहा सिलिंडर इंजिनाला, ज्यात दोन-दोनचे तीन ठोकळे होते, हा त्रास झाला होता. नव्या इंजिनात त्याने तीन-तीनचे दोन ठोकळे केले, क्रँकशाफ्ट जाडजूड ठेवला आणि त्याला सात बेअरिंगांवर पेललं. इंजिन ७,०३६ सीसीचं. ताकद पन्नासच्या आसपास, तीही मिनिटाला जेमतेम साडेबाराशे फेऱ्यांना. कागदावर बघून हसू येईल. पण एवढ्या मोठ्या इंजिनाकडून एवढंच काम घेतलं की ते कधी धापा टाकत नाही. कंपनी पुढे कित्येक वर्षं अश्वशक्तीचा आकडाच जाहीर करत नसे. विचारलं तर ‘पुरेशी आहे’ एवढंच उत्तर. लोकांना तो तोरा वाटतो. मला त्यात इंजिन बांधण्याची पद्धत दिसते.

यातल्याच एका चॅसीवर जॉन्सनने रुपेरी रंगाची बॉडी चढवली, दिवे-कड्या चांदीच्या मुलाम्याच्या लावल्या आणि तिचं नाव ठेवलं ‘सिल्व्हर घोस्ट’. १९०७ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांना बसवून ती लंडन आणि ग्लासगोदरम्यान पळवत ठेवली. एकूण १५,००० मैल. सुरुवातीला ६२९ मैलांवर हादऱ्याने पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली आणि गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल ती एकदाही आपणहून थांबली नाही. ‘विनाथांबा’ असं वाचून लोकांना वाटतं चाकं अखंड फिरत होती. तसं नाही, रविवारी सुट्टी असायची. बिघाडामुळे थांबावं लागलं नाही, एवढाच अर्थ. आता या चाचणीतला माझा आवडता भाग. मैल संपल्यावर क्लबच्या इंजिनिअरांनी गाडी पूर्ण उघडली, मोजमाप केलं, आणि झिजलेले भाग बदलून ती नव्यासारखी करायचा खर्च काढला: २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. त्या काळात बहुतेक गाड्या शंभर मैलांचा प्रवास सुखरूप करतील की नाही याची मालकालाही खात्री नसे. ‘जगातली सर्वोत्तम गाडी’ ही बिरुदावली अशा सुट्या भागांच्या बिलावर उभी राहिली.

तरी ती अजिंक्य नव्हती. १९१२ च्या आल्प्समधल्या शर्यतीत जेम्स रॅडली या खाजगी मालकाची रोल्स-रॉइस ऑस्ट्रियातल्या काटशबर्ग घाटात चढेना. गिअर तीनच होते आणि पहिला पुरेसा खालचा नव्हता. सारवासारव करण्याऐवजी रॉइसने चार गिअरचा गिअरबॉक्स बसवला आणि १९१३ मध्ये कंपनीच्या गाड्यांनी तोच घाट दिमाखात चढून दाखवला.

माणसं मात्र फार टिकली नाहीत. रोल्स जुलै १९१० मध्ये बोर्नमथला विमान कोसळून गेला, वय ३२. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला तो पहिला ब्रिटिश. रॉइसने कामापायी जेवणाखाण्याची इतकी आबाळ केली की १९११ पासून तो जवळजवळ आजारीच होता. डॉक्टरांनी कारखान्यापासून लांब राहायला सांगितलं. मग १९३३ मध्ये मरेपर्यंत, हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि एरवी इंग्लंडच्या समुद्रकाठी राहून त्याने यंत्रांचे नकाशे तपासले. डिझायनर मंडळी त्याच्याकडे जायची आणि डर्बीच्या कारखान्यात त्याची पत्रं यायची. मालक लांब असल्याचा एक फायदा झाला असं मला वाटतं: प्रत्येक गोष्ट कागदावर, मापासकट लिहावी लागली. ‘त्याला विचारून घेऊ’ हा पर्यायच नव्हता. आज शंभर वर्षांनी आम्ही त्या गाड्या दुरुस्त करू शकतो ते त्या शिस्तीमुळे.

बॉनेटवरच्या पुतळीबद्दल थोडं. ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये केली. त्याआधी लॉर्ड माँटेग्यूंच्या गाडीसाठी त्याने ओठांवर बोट ठेवलेली एक छोटी मूर्ती केली होती, ‘द व्हिस्पर’ नावाची, आणि तिच्यासाठी एलेनर थॉर्नटन मॉडेल होती. ती माँटेग्यूंची सेक्रेटरी आणि प्रेयसी. मोठ्या पुतळीतही तीच आहे असं मानतात. डिसेंबर १९१५ मध्ये पर्शिया बोटीवर टॉर्पेडो आदळला. थॉर्नटन बुडाली, माँटेग्यू वाचले. रॉइसला पुतळी आवडायची नाही, समोरचं दिसत नाही म्हणायचा. मेकॅनिकच तो.

पुतळीपेक्षा तिच्याखालचं ग्रिल बघा. १९४९ पर्यंत कंपनी फक्त चॅसी, इंजिन आणि बॉनेटपर्यंतचा भाग देत असे. बॉडी गिऱ्हाइकाने बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड अशा कारागिरांकडून बांधून घ्यायची. म्हणजे जुन्या रोल्सच्या ज्या देखणेपणाला आपण दाद देतो तो पुष्कळदा रोल्सचा नसतोच. सगळ्यांना समान असायचं ते रेडिएटरचं तोंड, ग्रीक देवळासारखं. त्याच्या सरळ दिसणाऱ्या रेषा सरळ नाहीत. पट्टी लावून बघा, मधे किंचित फुगीर आहेत. पूर्ण सरळ रेषा डोळ्याला आत दबल्यासारखी दिसते, म्हणून ग्रीकांनी खांबांना पोट दिलं आणि तीच युक्ती इथे आली. हे काम वर्षानुवर्षं कारागिरांनी नजरेच्या अंदाजाने केलं. ठोकर लागलेलं असं ग्रिल एकदा माझ्याकडे आलं होतं. मी ते पट्टी लावून सरळ केलं, अगदी मन लावून, आणि उभं करून बघितलं तर गाडी आजारी दिसत होती. तेव्हा मला ते पोट माहीत नव्हतं. पुन्हा सगळं काम करावं लागलं.

राजेमहाराजांचा विषय निघणारच, म्हणून सांगून टाकतो. शोरूममध्ये अपमान झाला म्हणून राजाने रोल्स-रॉइस घेऊन कचरा उचलायला लावल्या, ही कथा कधी अलवारची असते, कधी भरतपूरची, कधी हैदराबादची. एकच प्रसंग इतक्या राजांच्या नावावर फिरतो तेव्हा तो गोष्ट म्हणून ऐकावा.

मधला काळ पटकन उरकतो. १९२५ मध्ये फँटम आली, १९३१ मध्ये त्यांनी डबघाईला आलेली बेंटली विकत घेतली, विमानांच्या इंजिनात कंपनी मोटारींपेक्षा मोठी झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि हरिकेनची मर्लिन इंजिनं त्यांचीच. ती बनवायला इंग्लंडमधल्या क्रू या गावी उभारलेल्या कारखान्यात युद्धानंतर मोटारी बनू लागल्या. १९५८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ओगिल्व्हीने ती प्रसिद्ध जाहिरात लिहिली: ताशी ६० मैलांना या गाडीतला सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो. एका इंजिनिअरने त्यावर मान हलवून ‘त्या घड्याळाचं काहीतरी करायला हवं’ असं म्हटल्याचा किस्सा आहे. जाहिरात इतकी गाजली कारण तिचा मथळा थाटाबद्दल एक अक्षर बोलत नाही. ढिलेपणा नाही, एवढंच सांगते.

मग १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडो आली, म्हणजे तुमच्या गाडीचं मॉडेल. तिच्याकडे शेवटी येतो.

१९७१ च्या फेब्रुवारीत कंपनी बुडाली. मोटारींमुळे नव्हे, आरबी२११ या जेट इंजिनाच्या खर्चाने. सरकारने विमानाचा धंदा ताब्यात घेतला आणि १९७३ मध्ये मोटारींची कंपनी वेगळी काढली. इथे एक धागा सुटा राहिला: नाव आणि ‘आरआर’ चिन्हाचा हक्क विमानवाल्यांकडेच राहिला. १९८० मध्ये मोटार कंपनी व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीकडे गेली. १९९८ मध्ये व्हिकर्सने ती विकायला काढली, तेव्हा फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून क्रूचा कारखाना, पुतळी आणि ग्रिलचा आकार घेतला. आणि बीएमडब्ल्यूने विमानवाल्यांकडून ४ कोटी पौंडांत नाव घेतलं. घर एकाचं आणि दारावरची पाटी दुसऱ्याची, अशी गत. शेवटी तडजोड झाली: २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगनने रोल्स-रॉइस बनवाव्यात, मग नाव, पुतळी सगळं बीएमडब्ल्यूकडे आणि क्रूमध्ये फक्त बेंटली. १ जानेवारी २००३ ला मध्यरात्र उलटताच दक्षिण इंग्लंडमधल्या गुडवूडच्या नव्या कारखान्यातून पहिली नवी फँटम मालकाला दिली गेली.

म्हणजे बघा, ज्या कारखान्यात युद्धानंतरच्या जुन्या रोल्स बनल्या तिथे आज बेंटली बनते, आणि आजची रोल्स ज्या कारखान्यात बनते तो या विक्रीच्या आधी नव्हताच. परंपरा म्हणायची तरी कशाला? पुष्कळ जुने मेकॅनिक नव्या गाड्यांना ‘बीएमडब्ल्यू’ म्हणून नाक मुरडतात. मी मुरडत नाही. फँटमचं चाक गाडीच्या निम्म्या उंचीचं ठेवणं, बॉनेट लांब ठेवणं, इंजिन मोठं आणि आळशी ठेवणं, हे ज्याने ठरवलं त्याने जुन्या गाड्या नीट बघितल्या होत्या. २०२० च्या घोस्टच्या वेळी तर गंमत झाली. आवाज शोषणारं १०० किलोच्या वर सामान घालून त्यांनी गाडी इतकी शांत केली की आत बसणाऱ्यांना गरगरल्यासारखं व्हायला लागलं. मग मुद्दाम हलकीशी गुणगुण परत आणावी लागली. रॉइसला हे फारसं पटलं नसतं, असा माझा अंदाज. तो आवाज उगमापाशी मारायचा, हे वरून पांघरूण घालतात. पण काम प्रामाणिक आहे.

२०२३ मध्ये स्पेक्टर ही विजेवरची गाडी आली. आता साधी इलेक्ट्रिक गाडीसुद्धा जागेवरून निघताना शांतच असते, त्यामुळे इंजिनाच्या शांततेची मक्तेदारी संपली. पुढची स्पर्धा टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजाशी आहे.

आता तुमची शॅडो. एका ओळीतलं उत्तर: किंमत बघून घेऊ नका, ब्रेक बघून घ्या.

शॅडो ही रोल्सची पहिली गाडी जिला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा. म्हणून गंज हा तिथे दिसण्याचा प्रश्न नसून ताकदीचा आहे. दाराखालचे सिल आणि मागच्या चाकांवरचा भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. इंजिन ॲल्युमिनियमचं व्ही-८ आहे आणि दणकट आहे. कूलंट वेळेवर बदललं असेल तर त्याची चिंता करू नका. गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा, साध्या मेकॅनिकलाही जमेल असा.

खरी परीक्षा हायड्रॉलिकची. इंजिनावरचे दोन पंप उच्च दाबाने तेल नायट्रोजन भरलेल्या दोन गोळ्यांमध्ये साठवतात, आणि त्या दाबावर ब्रेक चालतात. गाडीची उंची आपोआप सारखी राखणारी योजनाही त्याच दाबावर. ती सिट्रोएनच्या परवान्याने घेतलेली. इंजिन दहा मिनिटं चालवा, बंद करा, किल्ली पुन्हा चालू करा पण इंजिन सुरू करू नका. मग ब्रेक दाबत मोजत राहा. तब्येत चांगली असेल तर पुष्कळ वेळा दाबल्यावरच ब्रेकच्या दाबाचा दिवा लागतो. दहाच्या आत लागला तर गोळ्यांमधला गॅस गेलाय. दोन-तीनमध्येच लागला तर ती गाडी चालवत घरी नेऊ नका.

दुसरं, आत कोणतं तेल आहे ते मालकाला विचारा आणि बिल बघा. शॅडोला आरआर३६३ हे वंगण मिसळलेलं खास ब्रेक फ्लुइड लागतं. तिच्यानंतरच्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये हिरवं खनिज तेल असतं. दोन्हींची रबरं वेगळी. एका गॅरेजने ‘रोल्सचं तेल’ म्हणून शॅडोत ते हिरवं ओतलं होतं, आणि ती गाडी नंतर माझ्याकडे आली. सगळी सील फुगून लोण्यासारखी मऊ झाली होती. पंप, व्हॉल्व्ह, कॅलिपर, नळ्या, सगळं उघडावं लागलं. मालकाने गाडीला दिलेल्या पैशांपेक्षा ते बिल मोठं झालं.

म्हणून विक्रेत्याला सांगा की होज (रबरी नळ्या) आणि गोळ्या शेवटच्या कधी बदलल्या त्याची कागदपत्रं दाखव. नसतील तर तो सगळा खर्च अजून व्हायचा आहे असं धरून किंमत बोला. आणि बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, त्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात बॉनेटवर तळहात ठेवून फक्त ऐका. टॅपेट क्षणभर वाजून गप्प झाले तर ठीक. बोलतच राहिले, तर मला कळवा.